आईच्या भाषेचा रकाना

फेब्रुवारी अर्धा सरला की नागपूरची हवा मन बदलते. सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी तो खांद्यावर टाकून घरी येतो. हातगाड्यांवर मृग बहराची संत्री चढतात, उमरेड रोडला पळस फुलतो, आणि कुणाच्या तरी गच्चीवरून कूलर घासल्याचा खडखडाट ऐकू येतो. पूर्वी हा महिना मला फार आवडायचा. आता तो लागला की मी कॅलेंडरचं पान लवकर उलटून टाकतो, आणि बायको ते पुन्हा जागेवर आणते.

यंदा पान उलटून काही उपयोग नव्हता. माझ्या मुलीला, प्रांजलीला, जनगणनेची ड्युटी लागली. ती शाळेत शिकवते. मीही निवृत्त होईपर्यंत तेच केलं. सरकारने मोजणीला जुंपलेली आमच्या घरातली ही दुसरी पिढी. ऑर्डर हातात घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाबा, मागच्या खेपेला तुम्ही केली होती ना, कशी असते? मी म्हटलं, सोपी असते, फक्त विचारायचं आणि लिहायचं. एवढं बोलून मी संत्रं सोलायला घेतलं, म्हणजे तिच्याकडे पाहावं लागणार नाही.

त्यातून याच दिवसांत मातृभाषा दिन येतो. सकाळपासून मोबाइलवर शुभेच्छा येऊन पडतात. समया, कमळं, बाराखडीची रांगोळी, जगातल्या हजारो भाषांचा गौरव. पाठवणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी असतात, त्यांची मुलं इंग्रजी शाळेत आणि घरातलं बोलणं हिंदीत. मी त्यांना नावं ठेवत नाही. मी स्वतः निवृत्त होईपर्यंत दर वर्षी याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून भाषणं ठोकली आहेत. भाषांचा उत्सव साजरा करण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. त्यासाठी कुणाशी काही बोलावं लागत नाही.

मागच्या जनगणनेच्या वर्षीही मी भाषण केलं होतं. सकाळी साडेसातला, मुलं उन्हात डोळे बारीक करून उभी. प्रत्येक भाषा टिकली पाहिजे, एक भाषा मेली की एक जग मरतं, असं बरंच काही बोललो. मडावी सरांचं मराठी म्हणजे काय विचारता, असं मुख्याध्यापिका आभार मानताना म्हणाल्या. मी मान लववून ते घेतलं. शाळा सुटल्यावर खांद्याला जनगणनेची पिशवी अडकवली आणि सायकलने सक्करदऱ्याच्या मागच्या आमच्या मोहल्ल्यात गेलो. मला नेमून दिलेला भाग नेमका तोच होता, मी जिथे वाढलो तो.

मोहल्ल्यात विणकरांची घरं होती, बौद्ध वस्ती होती, बांधकामावर जाणारी माणसं होती, आणि नाल्याच्या अंगाला आम्हा गोंडांची दहा-बारा घरं. सगळे मला ओळखत. कुणी खाट टाकायचं, कुणी फुटाणे पुढे करायचं. ऊन चढलेलं, नाल्याकाठच्या शेवग्याला फुलं आलेली, कुठे तरी लाखोळीच्या डाळीच्या वरणाला फोडणी दिल्याचा वास. कुहीकडचा कुणी पाहुणा आला की ती डाळ मोहल्लाभर वाटली जायची. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दुपारींत त्या दुपारी येतात, हे सांगायलाच हवं. माणूस चूक करत असतो तेव्हा त्याला काही टोचत वगैरे नसतं.

जनगणनेचे ते फॉर्म मशीन वाचणार होतं. म्हणून प्रशिक्षणात एकच गोष्ट घोटून घेतली होती, की खाडाखोड करायची नाही. चुकलं तर तो फॉर्म बाद, वरिष्ठांना कारण लिहून द्यायचं आणि नवा मागायचा. बाकीचे शिक्षक या धाकाने घामाघूम झालेले. मला मात्र त्यात मजा वाटली. माझं अक्षर चांगलं, आणि डोकं त्याहून चांगलं, असा माझा समज. मी एका रविवारी दुपारी टेबलाशी बसलो आणि ज्या रकान्यांची उत्तरं सगळ्यांची सारखीच येणार ते आधीच भरून टाकले. मातृभाषेचा रकाना त्यातलाच. मोहल्ल्यात मारवाडी दुकानदारांची दोन घरं आणि एक तेलुगू कुटुंब होतं, तेवढ्या ओळी मोकळ्या सोडल्या. बाकी सगळीकडे मराठी, मराठी, मराठी. काळ्या शाईत, एका उंचीचं, मोत्यासारखं. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी तिला ते पान लांब धरून दाखवलं होतं.

त्यामुळे घराघरांत माझं काम झपाट्याने व्हायचं. नाव, वय, लग्न, जात-जमात, आणि मग भाषेवरून उडी मारून थेट पुढे. नाल्याकडच्या घरांत एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. तिथल्या म्हाताऱ्या बायका माझ्या तोंडाकडे टक लावून बसायच्या. प्रश्न संपले, मी कागद आवरले, तरी उठायच्या नाहीत. एकीने तर विचारलं, झालं का गा इतकंच? मला वाटलं, चहा घेतल्याशिवाय सोडायचं नाही म्हणून बसल्यात. मी चहा घेतला आणि निघालो.

आमचं घर मी शेवटी ठेवलं होतं. मी तेव्हा बायको-मुलीसह मानेवाड्याला राहायचो, आई जुन्याच घरी एकटी. वडील वन खात्यात शिपाई होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पोचलो तेव्हा आईने धुतलेलं नऊवारी नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं, ओसरीत सतरंजी अंथरून पाण्याचा तांब्या ठेवला होता. मी हसत म्हटलं, आई, तुझं मला सगळं माहीत आहे, भरतो मी घरी बसून. ती म्हणाली नाही, जसं बाकीच्यांना इचारलं तसं मले इचार.

मग मी विचारलं. ती एकेक उत्तर सावकाश द्यायची, साक्षीदाराने द्यावं तसं. नाव सोनाबाई. वय तिला नक्की माहीत नव्हतं, ते आम्ही दोघांनी मिळून अंदाजाने ठरवलं. जमात गोंड. हे लिहिताना माझा हात कधी अडला नाही. त्या जमातीचा दाखला माझ्या नोकरीच्या फाइलीत पहिल्या पानावर होता. त्याच्या पुढे मराठी लिहिलेलं होतंच. मी पुढचा प्रश्न विचारला. तिने मान हलवली.

"भाषेचं नाई इचारलं तू मले."

मी म्हटलं, ते भरलंय आधीच. तिने विचारलं, काय भरलं. मी सांगितलं. तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"मराठी तं मी तुह्यासाठी शिकली गा," ती म्हणाली.

मी तिची समजूत घालू लागलो. मास्तरकी माणसाच्या अंगात भिनते. हे बघ, पुढे आणखी एक रकाना आहे, येणाऱ्या दुसऱ्या भाषांचा, तिथे गोंडी लिहितो की, त्यात काय एवढं. लेखणी टेकवलीसुद्धा होती. तिने माझं मनगट धरलं. जोर लावून नाही, नुसतं धरलं.

"ते दुसरी नोहे, बापू. राहू दे."

आणि ती उठून मागे कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. मी ती जागा मोकळीच ठेवली. घरी येताना मी स्वतःला बजावत होतो की आता काय करणार, खाडाखोड चालत नाही, फॉर्म बाद होईल, वर कारण लिहून द्यावं लागेल. हे खोटं होतं असं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. आमचे वरिष्ठ माझ्या ओळखीचे, माझ्या मराठीचे चाहते. मराठीच्या मडावी सरांच्या स्वतःच्या आईपुढे गोंडी लिहिलेलं त्यांनी वाचावं, हे मला नको होतं. गोंड असण्याची मला लाज नव्हती. गोंडी बोलण्याची होती. हे दोन वेगळे कप्पे मी इतक्या सफाईने ठेवले होते की माझं मलाही कळलं नव्हतं. फॉर्म जमा केले तेव्हा वरिष्ठ सगळ्यांदेखत म्हणाले, असे स्वच्छ कागद अख्ख्या झोनमध्ये नाहीत.

आई रामटेकपलीकडच्या देवलापारकडची. लग्न करून नागपुरात आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. मी पहिलीत गेलो आणि महिनाभर वर्गात तोंड उघडलं नाही, असं ती सांगायची. मास्तर एक दिवस घरी आले. भले गृहस्थ, पायी चालत आलेले. त्यांनी वडिलांना सांगितलं की घरात मराठी बोला, नाही तर पोरगा मागे पडेल. वडिलांना मराठी येत होती. आई ती सार्वजनिक नळावर शिकली, विणकरांच्या बायकांच्या मागे पाण्याचा गुंड घेऊन उभी राहून. त्या काय बोलतात ते ऐकायचं, घरी येताना तोंडातल्या तोंडात घोळवायचं आणि मला जेवायला वाढताना वापरून पाहायचं. पोळी घेतं का. भाजी कमी हाय का. तिच्या बोलण्यात कायम एक नळावरची घाई राहिली. पुढे मी मोठा झालो, शुद्ध बोलू लागलो आणि तिने जिवापाड मिळवलेल्या त्या मराठीतही चुका काढू लागलो. मले नाही, मला म्हण. ती हसून म्हणायची, बरं मास्तर.

तिची स्वतःची भाषा मी फक्त बाहेरून ऐकली आहे. मागच्या दारी ती कोंबड्यांशी गोंडीत बोलायची. उन्हाळ्यात तिची बहीण फुलाबाई मावशी वाळलेल्या मोहफुलांचं गाठोडं घेऊन यायची, घरभर तो गोड, जड वास पसरायचा, आणि दोघी बहिणी ओसरीत बसून बोलत राहायच्या. आईचा आवाज तेव्हा निराळा असायचा, भरभर, खालच्या पट्टीतला. मध्येच दोघी हसायच्या. आई विनोद करते हे मला तिथे कळलं. मराठीत तिने कधी विनोद केल्याचं मला आठवत नाही. मी शाळेतून आलो, चपला काढल्या, उंबऱ्यात पाऊल टाकलं की ती वाक्य अर्धंच सोडायची आणि मराठीत विचारायची, भूक लागली का. दर वेळी. त्या अर्ध्या सोडलेल्या वाक्यांचं पुढे काय असायचं, हे मी एकदाही विचारलं नाही.

त्या जनगणनेनंतर मला चैन पडेना. माणूस चूक सुधारायला त्याच्या त्याच्या पद्धतीने जातो. मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले, आणि दर रविवारी आईसमोर बसू लागलो. पाण्याला काय म्हणतात? येर. कोंबडीला? कोर. कुत्र्याला? नय. मी लिहायचो, खाली रेघ मारायचो, मग विचारायचो की दोन कोंबड्या असतील तर काय होतं, आणि काल होत्या असं म्हणायचं असेल तर. ती गोंधळायची. तिला भाषा येत होती, रकाने येत नव्हते. एकदा तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, लिहून कायले ठेवून राहिला गा? बोल ना.

मला बोलता येईना. चुकेल अशी भीती वाटायची. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं चुकली म्हणून लाल शाई वापरलेला मी, आपल्या आईसमोर चुकायला घाबरलो. मी म्हणालो, आधी शब्द होऊ देत, मग बोलू. ती बरं म्हणाली. वही तिसऱ्या पानावर थांबली. रविवारी परीक्षेचे पेपर तपासायचे असत, लग्नं असत, प्रांजलीची शिकवणी असे. पुढच्या हिवाळ्यात आई गेली. फार आजारी नव्हती. दोन दिवस ताप, आणि मेडिकलच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तेरवीला मावशी आली. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, आणि आम्ही दोघं मागच्या दारी बसलो. कोंबड्या मोहल्ल्यात वाटून टाकल्या होत्या, खुराडं रिकामं होतं. मावशीने खुराड्याचं दार लोटून बंद केलं. मग माझ्याकडे न पाहता, मराठीतच, माझ्यासाठी म्हणून मराठीत, सांगू लागली.

"ते मोजणी होती ना गा, तवा सोनानं मले निरोप धाडला होता. म्हणे, सरकारी माणूस येईन तं लाजू नको वं, आपली बोली सांगजो. आमच्याकडं तं माहा पोरगाच इचारून राहिला."

नाल्याकडच्या घरोघरी जाऊनही आईने तेच सांगितलं होतं, हे मला मावशीकडूनच कळलं. माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेल्या त्या म्हाताऱ्या चहासाठी थांबलेल्या नव्हत्या. आधीच्या मोजणीवाल्यांनीही असंच न विचारता भरलं असणार. जन्मात पहिल्यांदा कुणी तरी कागद घेऊन त्यांना त्यांची भाषा विचारणार होतं, आणि तो त्यांच्यातलाच, सोनाबाईचा पोरगा होता. त्या उत्तर तयार ठेवून बसल्या होत्या. मी एकीलाही विचारलं नाही. मी मावशीला हे सांगू शकलो नाही. तिला वाटत होतं की आईची इच्छा पुरी झाली, मी तिला तसंच वाटू दिलं. आता तीही नाही. देवलापारला तिचे नातू आहेत, हायवेवरच्या ढाब्यावर काम करतात. भेटलो की आम्ही हिंदीत बोलतो.

लोक म्हणतात भाषा मरते तेव्हा शेवटचा बोलणारा माणूस मरतो. मला ते पटत नाही. आमच्या नाल्याकाठी दहा-बारा बायका जिवंत होत्या, धडधाकट होत्या, बोलायला बसल्या होत्या. कुणावर बंदी नव्हती, कुणी धमकावलं नव्हतं. एक सुशिक्षित मुलगा वेळ वाचवत होता, एवढंच घडलं. तो कागद अजून कुठे तरी असेल, किंवा मशीनने वाचून रद्दीत गेला असेल. त्यातली बेरीज कुणी तरी केली असेल, आणि त्या बेरजेवरून आमच्या मोहल्ल्यात गोंडी बोलणारं कुणी नाही असं ठरलं असेल. हे दुरुस्त करायला आता अर्ज कुठे करायचा? ज्या बायांना पुन्हा विचारावं त्यांतली एकही राहिलेली नाही. मी निराश आहे असं प्रांजली म्हणते तेव्हा मी वाद घालत नाही. आशा ठेवायला समोर कुणी तरी बोलणारं लागतं.

परवा दुपारी ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. कागद गेले, आता सगळं ॲपवर आहे. प्रशिक्षणाआधी तुमच्यावर हात बसवून घेते म्हणाली. मी म्हटलं, विचार. खिडकीबाहेर ऊन कडक झालं होतं, बायको आत चिवड्यासाठी पोहे भाजत होती. नाव, वय, लग्न. जमात. मग ती म्हणाली, मातृभाषा, आणि तिचं बोट मराठीवर जाता जाता थांबलं. तिने सूचनांची पुस्तिका उघडली होती. मी त्या वर्षी ती पुस्तिका चाळूनही पाहिली नव्हती.

तिने मोठ्याने वाचलं, की लहानपणी त्या माणसाशी त्याची आई ज्या भाषेत बोलायची ती त्याची मातृभाषा. मग मान वर करून विचारलं, बाबा, आजी तुमच्याशी लहानपणी कशात बोलायची?

मी आठवत राहिलो. तापात कपाळावर ठेवलेला हात, पडल्यावर बसलेला धपाटा, ताटात पडलेला भात, सगळ्यांबरोबर आठवणारे शब्द मराठी होते, तिचे नळावरचे. पण ते मास्तर घरी येऊन गेल्यानंतरचे. त्याआधीची पाच-सहा वर्षं? तेव्हा तिला मराठी येतच नव्हती. मला निजवताना, न्हाऊ घालताना, रागावताना ती गोंडीतच बोलली असणार. आणि मीही तिला उत्तरं दिली असणार, हट्ट केला असणार, कदाचित तिच्या विनोदांना हसलोही असेन. वर्गात महिनाभर गप्प बसलेल्या त्या पोराला बोलता येत होतं. फक्त तिथे कुणी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत नव्हतं.

"गोंडी," मी म्हणालो. "गोंडी टाक."

तिने टाकलं. तिला आनंद झाला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने मोबाइल मांडीवर ठेवला आणि जरा पुढे सरकून म्हणाली, "बाबा, एक वाक्य बोलून दाखवा ना. साधंसंच. आजी तुम्हाला हाक मारायची तसं."

मी तोंड उघडलं. आतून भाजलेल्या पोह्यांचा वास येत होता. प्रांजली माझ्याकडे बघत होती, डोळे हसरे ठेवून, मी शब्द जुळवतोय असं समजून. मी आईचा चेहरा आठवला, तिचे ओठ हलताना आठवले, पण आवाज आला नाही. बायको आतून बाहेर येऊन दारात उभी राहिली आणि परत गेली. मग प्रांजलीने हळूच मोबाइल उचलला, स्क्रीनकडे पाहून घसा साफ केला आणि पुढचा प्रश्न वाचला.

"लिहिता-वाचता येतं?"

मी हो म्हणालो.